पुट ऑफ, पुट अप, पुट आउट : इंग्रजी जोडक्रियापदांची बखर

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि मराठीच शिकवणाऱ्या अध्यापकांनी इंग्रजी क्रियापदांविषयी लिहावे, हा काहींना अधिकारातिक्रम वाटण्याचा संभव आहे. परंतु सकाळी आमच्या वर्गात बसणारे विद्यार्थीच दुपारी इंग्रजीच्या वर्गात बसतात, आणि तिथली त्यांची एक अडचण आम्हांला बरीच वर्षे विचारात पाडत आली आहे. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘टॉलरेट’ म्हणजे सहन करणे, ‘एक्स्टिंग्विश’ म्हणजे विझवणे, हे त्यांना ठाऊक असते. स्पेलिंगसुद्धा बिनचूक येते. मात्र ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ आणि ‘पुट आउट’ हे शब्द कानांवर पडले की तोच विद्यार्थी गडबडतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे तो प्राथमिक शाळेत शिकलेला असतो. ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांचे अर्थही तेव्हाच पाठ झालेले असतात. ओळखीची दोन माणसे एकत्र उभी राहावीत आणि दोघेही अनोळखी दिसावेत, असा काहीसा हा प्रकार आहे.

इंग्रज मुलाची गोष्ट याच्या नेमकी उलटी असते. ते बोलू लागते तेव्हापासून ‘पुट ऑफ’ ऐकत असते. ‘पोस्टपोन’ त्याला पुढे शाळेत, पुस्तकात भेटतो. म्हणजे आमचा विद्यार्थी माडीवर आधी चढला आहे आणि तळमजला त्याने पाहिलेलाच नाही. मुलाखतीच्या खोलीत याची किंमत मोजावी लागते. समोरची व्यक्ती सहजपणे ‘लुक इन्टू इट’ किंवा ‘गेट बॅक टू मी’ म्हणते, विद्यार्थी क्षणभर थबकतो, आणि त्या क्षणावरून ‘याला इंग्रजी येत नाही’ असा शेरा पडतो. ज्याला अवघड इंग्रजी येते त्याला सोपे इंग्रजी येत नाही, ही विपरीत स्थिती विद्यार्थ्याच्या बुद्धीमुळे आलेली नाही. ती इतिहासाने निर्माण केली आहे, असे आमचे मत आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट मराठी निबंधाच्या उगमापाशी येऊन पोहोचतो. मराठीच्या अध्यापकांनी या विषयाला हात घालण्याचे कारण हेच.

या क्रियापदांना इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव तुलनेने अलीकडचे. लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या १९२५ सालच्या पुस्तकात ते आले, आणि ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे स्मिथ यांनी नोंदवून ठेवले आहे. वस्तू मात्र नावापेक्षा कितीतरी जुनी आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी या क्रियापदांचा स्वतंत्र उल्लेख केला. क्रियापदाच्या शेपटीला एक लहानसा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत इंग्रजीत फार आहे, आणि परकीयांना सर्वांत मोठी अडचण हिचीच होते, अशा आशयाचे ते विधान आहे. पुढे त्यांनी उदाहरणेही दिली. ती आज वाचताना मौज वाटते. ‘टेक ऑफ’चा अर्थ ते देतात नक्कल करणे, ‘सेट ऑफ’चा शोभा आणणे, ‘गिव्ह ओव्हर’चा थांबणे, ‘फॉल ऑफ’चा आपला धर्म किंवा पक्ष सोडणे. यांतले काही अर्थ आज कोपऱ्यात जाऊन पडले आहेत, तर काहींच्या शेजारी नवे अर्थ येऊन बसले आहेत. ‘टेक ऑफ’ म्हटल्यावर आज प्रथम विमान आठवते, आणि जॉन्सनच्या काळात विमान नव्हते. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, हे आज कोणीही सांगेल. ‘शट अप’चेही असेच. १६११ च्या इंग्रजी बायबलात त्याचा अर्थ बंद करून ठेवणे, कोंडणे असा आहे. ‘तोंड बंद कर’ हा दमदाटीचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. ज्या याद्या आज क्लासमध्ये पाठ करून घेतल्या जातात त्यांना वाटते की अर्थ दगडावर कोरलेले आहेत. प्रत्यक्षात दर दोन-तीन पिढ्यांमागे ते जागा बदलतात.

जॉन्सनने आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी पुढच्या याद्यावाल्यांनी कानाआड केली. आपला संग्रह पूर्ण नाही, परंतु जी रूपे सुटली असतील ती नोंदवलेल्या रूपांशी ताडून पाहिल्यास उलगडतील, असा त्यांचा भरवसा होता. ताडून पाहण्याचा हा मुद्दा आम्ही पुढे पुन्हा घेणार आहोत.

आता थोडे मागे जाऊ. अकराव्या शतकापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत अशी क्रियापदे कमी होती. तिथे छोटा शब्द बहुधा धातूच्या पुढ्यात, चिकटून येई. त्या घराण्यातील काही मंडळी आजही हयात आहेत : ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘विथस्टँड’, ‘फर्गिव्ह’. ‘अंडर’ म्हणजे खाली आणि ‘स्टँड’ म्हणजे उभे राहणे, यांतून ‘समजणे’ कसे निघाले हे कोणताही विद्यार्थी विचारत नाही, कारण तो शब्द एकसंध पाठ झालेला असतो. मराठी वा संस्कृतच्या विद्यार्थ्याला ही रचना परकी वाटू नये. उपसर्ग धातूला बळाने दुसऱ्याच अर्थाकडे ओढून नेतो, हे सांगताना आपल्याकडे ‘हृ’ धातूचे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे : आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. मूळ अर्थ हरण करण्याचा, आणि उपसर्ग बदलताच कधी जेवण, कधी फिरणे, कधी ठार मारणे. ‘गिव्ह’ला ‘इन’, ‘अप’, ‘आउट’, ‘अवे’ लागल्यावर जे घडते ते याहून वेगळे नाही.

इतकेच नव्हे. उपसर्ग धातूच्या आधी येतात, हा नियम सांगून पाणिनी लगेच पुढील सूत्रांत नोंदवतो की वेदभाषेत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द घेऊन दूरही राहतात. इंग्रजीचा ‘पुट द मीटिंग ऑफ’ हा प्रयोग, ज्यात क्रियापद एकीकडे आणि शेपटी तीन शब्द पलीकडे, पाहून आमचे विद्यार्थी चक्रावतात. वैदिक ऋषींना तो मुळीच चमत्कारिक वाटला नसता. फरक आहे तो प्रवासाच्या दिशेचा. संस्कृतात मोकळा फिरणारा उपसर्ग पुढे धातूला कायमचा जखडला गेला. इंग्रजीत जखडलेले उपसर्ग झिजून निर्जीव होत गेले आणि त्यांचे काम धातूनंतर येणाऱ्या मोकळ्या शब्दांनी उचलले. जर्मन भाषा या दोहोंच्या मध्ये थांबली आहे. तिचे काही उपसर्ग कोशात धातूला चिकटलेले असतात आणि वाक्यात सुटून थेट शेवटी जाऊन बसतात. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत मागे येणाऱ्या शब्दांची ही पद्धत होतीच. तिचा इंग्रजीवर किती प्रभाव पडला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

बदल केव्हा झाला याची एक खूण पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या बखरीत सापडते. ही बखर ११५४ सालापर्यंतचा वृत्तान्त देते. तिच्या ११३७ सालाखालील नोंदीत स्टीफन राजाने सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि त्याच्या आप्तांना कैदेत टाकल्याची हकीकत आहे. त्यांनी आपले किल्ले स्वाधीन करीपर्यंत त्यांना सोडले नाही. या ‘स्वाधीन करणे’साठी बखरकाराने जे शब्द वापरले ते म्हणजे आजचे ‘गिव्ह अप’. स्पेलिंग वेगळे आहे, पण जोडी तीच. इंग्लंडात १०६६ पासून नॉर्मन फ्रेंचांची सत्ता होती. दरबार, न्यायालय आणि लष्कर फ्रेंच बोलत होते. किल्ला स्वाधीन करण्यासाठी फ्रेंचमधून पुढे ‘सरेंडर’ हा भारदस्त शब्द इंग्रजीत आला. अशा रीतीने एकाच क्रियेसाठी दोन शब्द झाले : एक माजघरातला, दुसरा दिवाणखान्यातला. नंतर लॅटिनमधून पंडितांनी आणलेल्या शब्दांनी दिवाणखाना आणखी भरला. गमतीची गोष्ट अशी की ‘पोस्टपोन’ या लॅटिन शब्दाची फोड केली तर ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. म्हणजे तोही एक ‘पुट ऑफ’च, फक्त परकी वेशात, आणि गोठून एकजीव झालेला.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या माजघरातल्या शब्दांकडे संशयाने पाहणे सुरू झाले. लॅटिन व्याकरण हाच सर्व भाषांचा मानदंड, अशी तेव्हाची समजूत होती, आणि लॅटिनमध्ये वाक्याच्या शेवटी शब्दयोगी लोंबकळत राहत नाही. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ साली बेन जॉन्सन या जुन्या नाटककारावर नेमका हाच आक्षेप घेतला. आणि आपल्या १६६८ च्या नाट्यविषयक निबंधाची आवृत्ती १६८४ साली काढताना स्वतःच्या वाक्यांतल्या अशा शेपट्याही छाटून टाकल्या. पुढे १७८३ साली एडिंबराचे ह्यू ब्लेअर यांनी आपल्या अलंकारशास्त्रावरील व्याख्यानांत ‘ब्रिंग अबाउट’, ‘क्लिअर अप’ अशी नावे घेऊन सांगितले की वाक्याचा शेवट अशा जोडीने करू नये; त्याऐवजी एक सुटसुटीत क्रियापद मिळाल्यास वाक्य जोरकस होते. ब्लेअर यांचा हा ग्रंथ दीर्घकाळ पाठ्यपुस्तक म्हणून चालला. त्यामुळे लिहिताना जोडक्रियापद टाळावे, हा संस्कार शिकलेल्या इंग्रजांच्या हाडीमांसी खिळला. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी नको या सोवळेपणाची टिंगल करण्यासाठी ‘पुट अप विथ’चे तुकडे करून ते उलट क्रमाने वाक्यात बसवण्याचा जो विनोद चर्चिल यांच्या नावावर खपतो, तो त्यांनी केल्याचा पुरावा नाही, पण विनोद चालला तो या सोवळेपणामुळेच. शिवाय त्यातला ‘अप’ मुळात शब्दयोगी नाहीच, ते क्रियापदाचेच अंग आहे. म्हणून तर ते तोडल्यावर वाक्य इतके हास्यास्पद ऐकू येते.

येथे पुन्हा जॉन्सन. कोशात ही क्रियापदे काळजीपूर्वक गोळा करणारा हा गृहस्थ स्वतः लिहिताना मात्र लॅटिन शब्दांच्या पालखीतून फिरे. बॉझवेलने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. एका जुन्या नाटकाविषयी बोलताना जॉन्सन यांच्या तोंडून आधी साधे वाक्य गेले : हे नाटक ताजे राहावे इतकी चतुराई त्यात नाही. क्षणभर थांबून त्यांनी तेच विधान दुरुस्त केले, आणि या खेपेस चैतन्य, संरक्षण, पूतिभाव अशा तोलाचे लॅटिन शब्द योजले. १८३१ साली मॅकॉले यांनी बॉझवेलच्या जॉन्सनचरित्रावरील आपल्या निबंधात ही आठवण देऊन टोला हाणला की जॉन्सन बोलत इंग्रजीत आणि छापण्यासाठी त्याचे आपल्या खास भाषेत भाषांतर करीत.

हेच मॅकॉले तीन वर्षांनी हिंदुस्थानात आले, आणि २ फेब्रुवारी १८३५ रोजी त्यांनी शिक्षणविषयक ते सुप्रसिद्ध टिपण लिहिले. या टिपणाचे बरेवाईट परिणाम येथे उगाळण्याचे कारण नाही. त्यावर आपल्याकडे पुरेसे लिहून झाले आहे. आमचा मुद्दा लहान आहे. जॉन्सनी इंग्रजीची थट्टा करणाऱ्या या लेखकाने ज्या शिक्षणाचा पुरस्कार केला, त्या शिक्षणातून येथे पोहोचलेले इंग्रजी बव्हंशी जॉन्सनचेच होते. माजघरातले इंग्रजी पोहोचण्यास मार्गच नव्हता. इंग्रजांच्या घरात, पोरांच्या भांडणात, बाजारातल्या घासाघिशीत जे शब्द वापरले जात, ते ऐकण्याची संधी किती मराठी विद्यार्थ्यांना होती? त्यांच्या वाट्याला पुस्तक आले. आणि पुस्तकातून ड्रायडन-ब्लेअर परंपरेने शेपट्या आधीच कापल्या होत्या.

मराठीत याचा सर्वांत ठळक साक्षीदार म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचे वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभलेले भाषांतर त्यांनी पुरे केले. १८७४ साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त डॉ. जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. आणि मॅकॉलेच्या निबंधाचा घाट त्यांच्या वाक्यावाक्यांत जाणवतो. लांब पल्ल्याचे, तोलून धरलेले, उपवाक्यांच्या पायऱ्यांनी चढत जाणारे ते गद्य आम्ही दरवर्षी शिकवतो आणि त्याचा आम्हांला आजही मोह पडतो. पण त्या गद्याच्या ऋणाबरोबर एक समजूतही आमच्याकडे आली : चांगले इंग्रजी म्हणजे भारदस्त इंग्रजी. कारकुनाच्या अर्जापासून पदवीदान समारंभाच्या भाषणापर्यंत ही समजूत टिकली. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ते आम्हांला आटवूनच मिळाले, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

विसाव्या शतकात परकीयांना इंग्रजी शिकवणे हा स्वतंत्र विषय झाला, आणि जोडक्रियापदांनी तिथे पहिला मोठा गोंधळ घातला. केंब्रिजचे सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ नावाची योजना मांडली. ८५० शब्दांत इंग्रजी! त्यांत क्रियापदे अवघी १८ : कम, गेट, गिव्ह, गो, पुट, टेक अशी. बाकी सारे काम त्यांना ‘अप’, ‘इन’, ‘आउट’ जोडून भागवायचे. हिशेब मोठा आकर्षक होता. १९४३ साली हार्वर्ड येथील भाषणात चर्चिल यांनी त्याची शिफारसही केली. परंतु ‘टॉलरेट’ काढून टाकला आणि त्या जागी ‘पुट अप विथ’ ठेवला, तर शब्दांची संख्या कमी होते, शिकण्याचे ओझे मात्र वाढते. विद्यार्थ्याला तीन शब्द येत असूनही चौथी गोष्ट, म्हणजे त्या तिघांचा मिळून होणारा अर्थ, वेगळी शिकावी लागते. आणि ती यादीत मोजलेली नसते. बंगालमध्ये अनेक वर्षे शिक्षणाधिकारी म्हणून काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह या योजनेची कठोर चिकित्सा केली. ढाक्याच्या मुलांना शिकवण्याचा अनुभव असणाऱ्या माणसाला केंब्रिजच्या यादीतले छुपे कर्ज दिसले, यात नवल नाही.

खरी मदत कोशांनी केली, आणि तीही आशियातून आली. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानात शिकवताना दोन सहकाऱ्यांसह परकी विद्यार्थ्यांसाठी एक कोश रचला. तो १९४२ साली, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. आपल्याकडच्या महाविद्यालयांत ‘ऑक्सफर्ड डिक्शनरी’ म्हणून जो जाडजूड ग्रंथ हाताळला जातो त्याचा हा मूळपुरुष. पुढे १९७५ साली कावी आणि मॅकिन यांचा केवळ अशा क्रियापदांना वाहिलेला कोश निघाला. १९८९ मध्ये बर्मिंगहॅमच्या कोबिल्ड प्रकल्पाने संगणकात साठवलेल्या अस्सल वाक्यांच्या आधारे दुसरा काढला. छोट्या शब्दांचे हे राज्य केवढे आहे याचा अंदाज मोठ्या ऑक्सफर्ड कोशावरूनही येतो. १९२८ साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. नव्या आवृत्तीच्या कामात २०११ मध्ये तो मान ‘रन’ या क्रियापदाने घेतला. त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेले. लांबलचक लॅटिन शब्दांना बहुधा दोन-चार ओळी पुरतात.

२००७ साली गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश भाषासंग्रहात या क्रियापदांची मोजदाद केली. अवघी वीस क्रियापदे आणि आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांतूनच निम्म्याहून अधिक वापर भागतो, असे त्यांना आढळले. हे वाचून हायसे वाटते. परंतु त्यांनीच पुढे दाखवले की वारंवार येणाऱ्या शंभर जोड्यांपैकी प्रत्येकीला सरासरी पाचाहून अधिक अर्थ आहेत. तेव्हा ‘दोनशे फ्रेजल व्हर्ब्ज तीस दिवसांत’ अशा पुस्तिकांनी विद्यार्थ्याला काय मिळते, हे उघड आहे. प्रत्येक जोडीपुढे एक मराठी अर्थ छापलेला असतो. ‘टेक ऑफ : उड्डाण करणे.’ मग ‘टेक ऑफ युवर शूज’ आले की विद्यार्थी बूट घालून धावपट्टीवर उभा.

यादी पाठ करण्याऐवजी जॉन्सनने सुचवलेली ताडून पाहण्याची वाट धरावी, असे आम्हांला वाटते. आणि ताडून पाहण्यासाठी मराठीइतकी सोयीची भाषा मिळणे कठीण. ‘लिही’ हा एक धातू घ्या. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक. मराठी माणसाला यांतला भेद समजावून सांगावा लागत नाही. शिक्षक सांगतात ते आपण लिहून घेतो. विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. निबंध सबंध लिहून काढतो. आणि नकोशी झालेली जबाबदारी एकदाची लिहून टाकतो. ‘राइट डाउन’ आणि ‘राइट आउट’ यांच्या छटा याच परिसरातल्या आहेत. इंग्रजी ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’ यांतला ‘अप’ वर जात नाही; क्रिया शेवटास नेतो. आपण ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’ म्हणतो तेव्हा कोणी काही फेकत नसते. इंग्रजीने हे काम दिशादर्शक शब्दांकडे सोपवले, मराठीने दुसऱ्या क्रियापदाकडे. ही मराठीची एकटीची मिरास नव्हे. हिंदीत तर अशा जोड्यांचा वापर मराठीपेक्षाही अधिक. पण दिशादर्शक शब्दांची रीतही आपल्याला अपरिचित नाही : पुढे ढकलणे, मागे घेणे, मागे लागणे, पार पाडणे, आड येणे, अंगाशी येणे. ‘पुट ऑफ’ला ‘पुढे ढकलणे’ हा प्रतिशब्द आहे म्हणण्यापेक्षा ती त्याची सख्खी बहीण आहे असे म्हणावे.

आमच्या व्याकरणकारांनी या प्रकाराची दखल घेतली, पण बहुतेक वाद ‘संयुक्त क्रियापद मानावे की न मानावे’ या प्रश्नाभोवती फिरला. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून हा वाद अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. शाळेत त्यातले एवढेच उतरते की दोन शब्द मिळून एका क्रियेचा बोध झाला तर संयुक्त, नाहीतर नव्हे. ‘तो पुस्तक देऊन गेला’ यात दोन क्रिया. ‘तो भलतेच बोलून गेला’ यात एक, आणि तीही त्याच्या मनात नसताना घडलेली. हा मनात नसण्याचा अर्थ ‘जाणे’त कुठून आला, हा प्रश्न परीक्षेत येत नाही, म्हणून वर्गातही येत नाही. वस्तुतः हा प्रश्न ज्याने एकदा स्वतःच्या भाषेत विचारला, तो ‘गिव्ह अप’पुढे घाबरणार नाही. मोल्सवर्थच्या कोशात ‘लागणें’ या नोंदीखाली अर्थांची जी रांग उभी आहे ती आम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो. भूक लागते, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, बस लागते, डोळा लागतो, पत्ता लागतो, आणि अमका माझा मामा लागतो. मराठी शिकू पाहणाऱ्या परकी माणसाची दया येऊन विद्यार्थी हसू लागतात. त्या हसण्यानंतर इंग्रजीची भीती थोडी ओसरलेली दिसते.

यावर एक आक्षेप संभवतो. १९८५ साली डॅगट आणि लॉफर यांनी दाखवले की हिब्रू भाषक विद्यार्थी जोडक्रियापदे टाळतात, आणि त्याचे कारण त्यांनी असे दिले की हिब्रूत ही रचनाच नाही. परंतु १९८९ मध्ये हुल्स्टाइन आणि मार्केना यांना आढळले की डच विद्यार्थीही लाक्षणिक अर्थाची जोडक्रियापदे टाळतात, जरी डचमध्ये ती रचना आहे. म्हणजे घरात साम्य असणे पुरेसे नाही. आम्ही तसा दावा करीतही नाही. साम्य आहे हे विद्यार्थ्याला कोणीतरी दाखवावे लागते, आणि दाखवण्याची जागा मराठीचा वर्ग ही आहे. इंग्रजीचा अध्यापक बिचारा अभ्यासक्रमाच्या ओझ्याखाली असतो. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले तरी ते बहुतांशी पुस्तकातूनच आले.

दरम्यान लोकांनी आपल्या परीने ही क्रियापदे पचवली आहेतच. मराठीने ती क्रियापदे म्हणून घेतलीच नाहीत. नामे म्हणून घेतली आणि त्यांना ‘करणे’, ‘होणे’, ‘घेणे’ जोडले. चेकअप करून घेतले, फॉलोअप घेतला, बॅकअप ठेवला, ब्रेकअप झाला, गाडीला पिकअप नाही. सरकारी कचेरीत फाईल ‘पुट अप’ करतात, म्हणजे साहेबांपुढे ठेवतात. पदवी मिळवणारा कॉलेजातून ‘पास आउट’ होतो. इंग्लंडात सांगितले तर ऐकणाऱ्याला वाटेल, हा बेशुद्ध पडला. सैनिकी शिक्षण पुरे करणाऱ्यांपुरता मात्र हा प्रयोग तिथेही चालतो, आणि खडकवासल्याचे संचलन ‘पासिंग आउट परेड’ म्हणूनच ओळखले जाते. यांना चुका म्हणून हिणवणारे शुद्धिवादी दोन्ही भाषांत आहेत. ज्या भाषेने जॉन्सनच्या ‘टेक ऑफ’ला विमानात बसवले तिला या नव्या अर्थांचे वावडे का असावे, हे आम्हांला कळत नाही.

क्रिकेटच्या समालोचनाने मात्र वेगळी वाट काढली. ‘रन आउट’मधला ‘आउट’ बाहेर जाण्याचा नाही, डाव संपल्याचा आहे, हे मराठी समालोचकांनी ओळखले आणि त्याच्या जागी कुस्तीच्या आखाड्यातला शब्द आणून बसवला : धावचीत. पाठ टेकली की मल्ल चीत, तसा फलंदाजही. त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत हे त्याच कुळातले. रेडिओवर आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर हे शब्द चांगले रुळले. मैदानावर खेळणाऱ्या पोरांना विचाराल तर ती मात्र अजून ‘रनआउट झाला रे’ असेच ओरडतात.